धावपट्टीच्या टोकाचा बीड रस्ता

२६ एप्रिल १९९३, सोमवार. दुपारचा एक वाजून गेला होता. एप्रिलच्या शेवटी मराठवाड्यात त्या वेळेला जे ऊन असते तेच ऊन होते. इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर असे थांबे घेत त्या वेळच्या औरंगाबादला, चिकलठाणा विमानतळावर उतरले होते आणि आता मुंबईला निघाले होते. बोइंग ७३७ जातीच्या या विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून ११८ माणसे होती. विमान पूर्वेकडे तोंड करून धावले, धावपट्टी जवळजवळ संपत आली तेव्हा जमिनीवरून सुटले, आणि पुढच्याच क्षणी धावपट्टीच्या टोकाजवळून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या बीड रस्त्यावरच्या एका मालट्रकला धडकले. ट्रकमध्ये कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेल्या होत्या. विमानाची डावीकडची मुख्य चाके, डाव्या इंजिनाचे खालचे आवरण आणि उलट जोर देणारी यंत्रणा ट्रकच्या डाव्या बाजूवर आदळली. हा आघात रस्त्यापासून साधारण सात फूट उंचीवर झाला. जखमी विमान तसेच पुढे गेले, ईशान्येला तीनेक किलोमीटरवर विजेच्या उच्चदाबाच्या तारांत अडकले आणि शेतशिवारात कोसळून पेटले. ५५ माणसे गेली. आदल्याच दिवशी अमृतसरला याच कंपनीच्या अपहृत विमानाची सुटका झाली होती. देशाने सुटकेचा श्वास सोडून दोन दिवसही उलटले नव्हते.

बीडच्या माणसाला या अपघाताचे नुसते नाव घेतले तरी ओळख पटते, कारण त्याच्या कारणांच्या यादीत बीडचे नाव कायमचे लिहिले गेले आहे. चौकशीचा निष्कर्ष दोन कलमांचा आहे. पहिल्या कलमात वैमानिकांची चूक सांगितली आहे: त्यांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरे कलम म्हणते की विमानांच्या वेळात बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले. पहिल्या कलमाची चर्चा खूप झाली. दुसऱ्याची फारशी झाली नाही. माझ्या मते भारतीय विमान वाहतुकीच्या इतिहासात हे दुसरे कलम पहिल्याइतकेच, किंबहुना अधिक मोलाचे आहे. त्याआधीची वीस वर्षे आपल्याकडची विमाने उतरता-चढताना तारांना, डोंगरांना, झाडांना धडकत होती, आणि दर वेळी दोषाचे पारडे जवळजवळ संपूर्णपणे विमानात बसलेल्या माणसाकडे झुकत होते. बीड रस्त्याच्या निमित्ताने निदान एकदा तरी एका चौकशीने मान खाली करून जमिनीकडे पाहिले, आणि ही जमीन सांभाळणे कोणाचे काम होते असा प्रश्न विचारला.

आधी त्या टोकापाशी काय घडते ते नीट पाहिले पाहिजे, म्हणजे पुढचा वाद हवेत राहणार नाही. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. उंचीवरची हवा विरळ, त्यात उन्हाळ्याच्या भर दुपारची तापलेली हवा आणखी विरळ. पंखांना तेवढीच उचल मिळवायला विमानाला जास्त धावावे लागते, आणि इंजिनांचा जोरही उतरतो. अशा जातीचे विमान जमीन सोडताना सेकंदाला अंदाजे सत्तर मीटर अंतर कापते. नाक उचलायला तीन सेकंद उशीर झाला तर दोनशे मीटर धावपट्टी गिळली जाते. नाक वर गेले की वैमानिकाला समोर आकाश दिसते, खालचा रस्ता काचेच्या कडेखाली जातो. त्या क्षणी रस्त्यावर काय आहे हे त्याला दिसत नाही, आणि दिसले तरी करण्यासारखे काही उरलेले नसते. आता ट्रककडे पाहा. आपल्याकडे कापसाची दाबलेली गाठ प्रमाणाने १७० किलोची. जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडलेली, पट्ट्यांनी आवळलेली गाठ हातात घेऊन पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे की कापूस मऊ असतो ही कल्पना तिथे संपते. पन्नास गाठी म्हणजे साडेआठ टन वजन. त्या वेळच्या मोटार वाहन नियमांप्रमाणे मालवाहू गाडीला ३.८ मीटर, म्हणजे साडेबारा फूट उंचीची मुभा होती. विमान सात फुटांवर होते. रस्ता रिकामा असता तर ते खरडत का होईना, त्याच्यावरून गेले असते. हे गणित चौथीतल्या पोराला कळेल एवढे सोपे आहे, आणि म्हणूनच ते बोचते.

त्याआधीच्या वीस वर्षांकडे मागे वळून पाहू. ३१ मे १९७३ रोजी मद्रासहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ दिल्लीच्या पालम विमानतळावर खराब हवेत उतरत होते. धावपट्टी दिसण्याआधीच ते ठरलेल्या किमान उंचीच्या खाली आले आणि उच्चदाबाच्या तारांना धडकले. ६५ पैकी ४८ जण दगावले; त्यांत केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम होते. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले छोटे एव्हरो विमान भर पावसाळ्यात पनवेलच्या बाजूच्या डोंगराला धडकले, ४५ माणसे गेली. पुणे ते मुंबई म्हणजे आपल्याला घाटातून तीन-चार तासांचा प्रवास. तो हवेतून काही मिनिटांचा, पण त्या डोंगरांचे माथे ढगांत असतात तेव्हा तो घाटापेक्षा कमी धोक्याचा नसतो. १९ ऑक्टोबर १९८८ च्या पहाटे मुंबईहून निघालेले विमान अहमदाबादला पोहोचले तेव्हा तिथे धुरकट झाले होते. सकाळी सहा किलोमीटरपर्यंत असलेली दृश्यमानता तासाभरात दोन किलोमीटरवर आली होती. विमान धावपट्टीच्या कितीतरी अलीकडे झाडांना आणि विजेच्या मनोऱ्याला धडकले. १३५ पैकी १३३ माणसे मेली. ही तिन्ही विमाने कमी दिसणाऱ्या हवेत खाली आली, आणि तिन्ही वेळा प्रवाशांचा जीव घेतला तो जमिनीवरून वर आलेल्या एखाद्या वस्तूने. तार, डोंगर, झाड. चौथ्या वेळी, औरंगाबादला, ट्रक.

डोंगर हलवता येत नाही. त्यासाठी नकाशावर उंची लिहून विमानाला वर ठेवावे लागते, दुसरा उपाय नाही. १९४९ मध्ये तुरिनच्या फुटबॉल संघाला घेऊन येणारे विमान ढगांत सुपेर्गाच्या टेकडीवरच्या देवळाच्या भिंतीला धडकले आणि ३१ जण गेले, तेव्हा त्या देवळाला कोणी दोष दिला नाही. ते तिथे दोनशे वर्षांहून जास्त काळ होते. पण तार माणूस ओढतो, झाड माणूस लावतो किंवा वाढू देतो, आणि ट्रक तर माणूसच चालवतो. निसर्गाच्या अडथळ्याला आणि माणसाच्या अडथळ्याला एकाच मापाने मोजणे ही पहिली चूक आहे. चारांपैकी ट्रक हटवणे सर्वांत सोपे होते. झाड तोडायला नोटीस लागते, मालकाला भरपाई द्यावी लागते, तार हलवायला वीज मंडळाचा खर्च आणि वर्ष-दोन वर्षे. ट्रक थांबवायला एक आडवा दांडा आणि एक जागा माणूस पुरतो.

धावपट्टीच्या पुढची जागा मोकळी हवी हे जगाला कोणी १९९३ मध्ये शिकवले नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याचे विमानतळांविषयीचे १४ वे परिशिष्ट १९५१ मध्ये स्वीकारले गेले, आणि त्यातच अडथळ्यांच्या मर्यादा आखल्या गेल्या. आजच्या रूपात ही आखणी अशी आहे: मोठ्या विमानांच्या, उपकरणांच्या साह्याने उतरायच्या धावपट्टीच्या तोंडापासून साठ मीटर पुढे एक चढता पत्रा सुरू होतो असे समजा. त्याची सुरुवातीची रुंदी तीनशे मीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंना पसरत पसरत तो पंधरा किलोमीटरपर्यंत जातो आणि तिथे जवळजवळ पावणेपाच किलोमीटर रुंद होतो. पहिले तीन किलोमीटर त्याचा चढ शंभराला दोन, पुढे थोडा जास्त, शेवटी सपाट. सुपाच्या आकाराची ही अदृश्य पाठ भेदून काहीही वर येता कामा नये. उड्डाणाच्या बाजूलाही अशीच एक पाठ असते आणि तिचाही चढ शंभराला दोन. रस्त्याचा विचारही जगाने केलेला आहे. अमेरिकेच्या नियमांत विमानतळालगतचा सार्वजनिक रस्ता मोजताना डांबराची उंची धरत नाहीत; त्यावर पंधरा फूट उंचीचे वाहन कायम उभे आहे असे समजूनच मोजणी करतात. मोठ्या महामार्गाला सतरा फूट, रेल्वेला तेवीस. पंधरा फुटांचे वाहन शंभराला दोनच्या चढाखाली बसवायचे तर सपाट जमिनीवर रस्ता धावपट्टीच्या टोकापासून किमान २९० मीटर लांब हवा. तेवढी जागा नसेल तर विमान जात असताना रस्ता बंद हवा. तिसरी वाट भूमितीत नाही.

आपल्या कायद्यातही ही जाण होती. १९३४ च्या विमान कायद्यात १९७२ साली ९-अ हे कलम घातले गेले. विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून वीस किलोमीटरच्या आत बांधकाम करण्यास किंवा झाड लावण्यास मनाई करण्याचा, आणि असलेले पाडायला लावण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. पालमचा अपघात त्यानंतरच्याच वर्षी झाला. मला या कलमाच्या शब्दांत एक गोष्ट खटकते. इमारत, बांधकाम, झाड. या साऱ्या एका जागी उभ्या राहणाऱ्या वस्तू आहेत. धावपट्टीसमोरून जाणारा रस्ता कायद्याच्या नजरेला जमिनीवरची एक काळी पट्टी म्हणून दिसतो, उंची शून्य. पण रस्ता दर मिनिटाला आपली उंची बदलतो. सायकलवाला गेला तर दीड मीटर, बैलगाडीवर कडबा असेल तर तीन, उसाच्या मोळ्या रचलेला ट्रक असेल तर चार. मराठवाड्याच्या रस्त्यांवर हंगामाप्रमाणे ही उंची चढते-उतरते: कापूस, ऊस, कडबा, सरकी. ज्याने बीड रस्त्यावर नियमन करायचे होते त्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाची स्थापना १९८६ साली झाली होती. या यंत्रणेने रस्त्याची ही हलती उंची मोजायला हवी होती. चौकशीने जे म्हटले ते, माझ्या वाचनाप्रमाणे, एवढेच.

आता कमी दृश्यमानतेचा मुद्दा. २६ एप्रिलची दुपार लख्ख होती, मग धुक्याचा विषय इथे कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर असे की धावपट्टीचे एक टोक म्हणजे दोन कामांची एकच जागा असते. पूर्वेकडे उडणाऱ्या विमानाचा शेवट जिथे होतो, तिथूनच पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या विमानाचा आरंभ होतो. बीड रस्ता या दोन्ही वाटांखाली होता. उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते आणि धावपट्टीच्या तोंडावरून पंधरा मीटर उंचीने जाते. उपकरणांच्या साह्याने उतरण्याची जी सर्वसाधारण श्रेणी आहे, तिच्यात वैमानिकाला साठ मीटर उंचीपर्यंत ढगात किंवा धुक्यात यायची परवानगी असते. तिथे त्याला दिवे किंवा धावपट्टी दिसली पाहिजे, नाही तर इंजिनांना जोर देऊन पुन्हा वर जायचे. साठ मीटर उंचीवर विमान धावपट्टीच्या तोंडापासून साडेआठशे मीटरच्या आसपास असते, आणि ते अंतर कापायला त्याला बारा सेकंद लागतात. या बारा सेकंदांत डोळे उपकरणांवरून बाहेर वळवायचे, दिवे ओळखायचे, विमान रेषेत आहे का ते पाहायचे, उतरायचे की वर जायचे ते ठरवायचे. त्याहून वरच्या श्रेणीत हा निर्णय तीस मीटरवर घ्यायचा असतो, म्हणजे हाती चार-पाच सेकंद. त्या माणसाने वाटेतला ट्रक, पतंगाचा दोर, बाभळीचा शेंडा किंवा नवा मोबाइल टॉवरही शोधावा ही अपेक्षा कोणीही ठेवू शकत नाही. म्हणूनच नियमांनी अशा धावपट्ट्यांपुढे आणखी एक कडक पट्टा आखला आहे: साठ मीटर अंतरापासून नऊशे मीटर लांब, एकशेवीस मीटर रुंद. त्यात धक्का लागताच मोडून पडणाऱ्या दिव्यांच्या खांबांखेरीज काहीही उभे राहायचे नाही, आणि विमान येत असताना काही हलायचेही नाही. उभे आणि हलते यांतला फरक इथे नियमाने स्वतःच पुसून टाकला आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप वैमानिकांच्या बाजूचा आहे, किंवा त्यांच्या विरुद्धचा म्हणा. नाक वेळेवर उचलले असते तर विमान रस्त्यावरून बऱ्याच उंचीने गेले असते, ट्रक असो वा नसो. पालमला आणि अहमदाबादला किमान उंची पाळली असती तर तारा आणि झाडे जागच्या जागी राहिली असती. मग जमिनीला दोष देऊन आपण शिस्त सैल करत नाही का? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. चौकश्यांनी वैमानिकांविषयी जे म्हटले ते खोडून काढायला माझ्याकडे काहीही नाही. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. वैमानिक दर वेळी अचूक वागणार असेल तर शंभराला दोनच्या उताराची गरजच काय? अचूक विमान त्या पाठीच्या खूप वरून जाते. ती पाठ आखली आहे चुकणाऱ्या विमानासाठी: एक इंजिन बंद पडलेल्या, ओझ्याने जड झालेल्या, उशिरा उचललेल्या, धुक्यात थोडे खाली आलेल्या. पुलाला कठडा असतो तो नीट चालणाऱ्यासाठी नसतो. एखादा माणूस घसरून मोडक्या कठड्यातून खाली पडला तर तो नीट चालला नाही हे खरेच, आणि कठडा मोडका होता हेही खरेच. पहिल्या सत्याने दुसरे पुसले जात नाही. बीड रस्त्याचा निष्कर्ष दोन्ही सत्ये शेजारी-शेजारी लिहितो. म्हणून तो मला न्यायाचा वाटतो.

दुसरा आक्षेप लोकांचा, आणि तो जवळचा आहे. बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, परळी या भागाला औरंगाबादशी जोडणारा हाच रस्ता. बाजार, घाटी रुग्णालय, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, शिक्षण, सगळे याच रस्त्याने. रोज थोड्या लोकांना घेऊन जाणाऱ्या विमानासाठी हजारोंचा रस्ता अडवायचा का? प्रश्न रास्त आहे, पण त्यात विमानाचे प्रवासी आणि रस्त्याचे प्रवासी वेगळे काढले आहेत, जणू धडक एकाच बाजूला बसते. ट्रकच्या कॅबिनमध्येही माणसेच असतात. त्यांना बाजूने विमान येते आहे हे कळायला कुठलेही साधन नसते. इंजिनाच्या घरघरीत विमानाचा आवाज येईपर्यंत ते डोक्यावर आलेले असते. रस्ता मोकळा ठेवला असता तर त्यांचाही जीव धोक्यात आला नसता. आणि अडवणूक तरी किती? त्या काळी चिकलठाण्याला दिवसात मोजकीच विमाने येत-जात. एकेका विमानासाठी पाच मिनिटे फाटक पाडले तरी दिवसाचा अर्धा तास जातो. मराठवाड्यातला माणूस रेल्वे फाटकापाशी याहून जास्त वेळ विनातक्रार उभा राहत आला आहे. जिब्राल्टरमध्ये तर शहरात शिरणारा मुख्य रस्ता थेट धावपट्टी ओलांडून जात होता. विमान आले की दिवे लाल, फाटक बंद, माणसे आणि गाड्या थांबत. दशकानुदशके हे चालले, २०२३ मध्ये भुयारी रस्ता झाला तोवर. तिथे धावपट्टीच्या मधोमध जे साधले ते इथे तिच्या टोकाला साधणे अवघड नव्हते.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा: आता उपग्रह आहेत, खालच्या जमिनीचा इशारा देणारी यंत्रे आहेत, स्वयंचलित उतरणे आहे, झाडाझुडपांची, रस्त्यांची चिंता जुन्या पिढीची. हा आक्षेप मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण तो शहाणपणाच्या वेषात येतो. यंत्र जितके चांगले, तितके विमान धुक्यात खाली येऊ शकते. ते जितके खाली येते, तितकी खालची जमीन अधिक मोकळी लागते. साधने वाढली म्हणून जमिनीवरची मागणी कमी होत नाही, वाढते. विमानातल्या यंत्राला अडथळा माहीत असतो तो कोणीतरी मोजून त्याच्या स्मरणात भरलेला असेल तर. कालपर्यंत नसलेला मनोरा, पावसाळ्यात दोन मीटर वाढलेला निलगिरी आणि दुपारी एक वाजून काही मिनिटांनी जाणारा ट्रक त्या स्मरणात नसतो. १० एप्रिल २०१० रोजी पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांचे विमान रशियातील स्मोलेन्स्कला दाट धुक्यात उतरत होते. विमानात जमिनीचा इशारा देणारे यंत्र होते आणि ते ओरडत होते. विमान फार खाली आले, एका बर्चच्या झाडाला त्याचा पंख लागला, आणि ९६ माणसे गेली. एक झाड.

१९९३ नंतर काय झाले? लिहिण्यापुरते बरेच झाले. १९९४ साली इमारती आणि झाडे यांच्यामुळे होणारे अडथळे पाडण्याचे नियम आले. १ एप्रिल १९९५ रोजी राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण आणि आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण एकत्र करून भारतीय विमानतळ प्राधिकरण झाले; म्हणजे ज्या संस्थेला चौकशीने जबाबदार धरले ती दोन वर्षांत नावानिशी संपली. २०१५ मध्ये उंचीच्या मर्यादांचे नवे नियम आले, विमानतळांभोवतीच्या भागांचे रंगीत नकाशे तयार झाले, ना हरकत प्रमाणपत्र संगणकावर मिळू लागले. मुंबईत विमानतळाभोवतीच्या उंच इमारतींचा प्रश्न जनहित याचिकेने उच्च न्यायालयात गेला आणि तिथे वर्षानुवर्षे चालला. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, आणि १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या भीषण अपघातानंतर काही दिवसांतच अडथळे पाडण्याच्या नियमांचा नवा मसुदा निघाला. हे सगळे आवश्यक आहे. पण हे नियम चाळताना माझी नजर दर वेळी तेच शोधते: हलत्या अडथळ्याचे काय? इमारत आणि झाड यांच्यासाठी नोटीस आहे, मुदत आहे, पाडण्याचा अधिकारी आहे. रस्त्यावरच्या वाहनासाठी कोण? रस्ता बांधकाम खात्याचा किंवा महामार्ग प्राधिकरणाचा, वाहतूक पोलिसांची, विमान कंपनीचे, धावपट्टी विमानतळाची. चार दारांमध्ये जो प्रश्न पडतो तो कोणाच्याच घरात जात नाही. टॉवरमधल्या माणसाने उड्डाणाला परवानगी देण्यापूर्वी फाटक पडल्याची खात्री करायची, आणि खात्री नसेल तर परवानगी रोखायची, इतका थेट दुवा असेल तरच रस्ता सुरक्षित म्हणता येतो. बाकी सगळे पत्रव्यवहार.

हा इतिहास बीडला आज पुन्हा लागू होतो. जिल्ह्यात विमानतळ नाही. बीडकराला विमान धरायचे तर सव्वाशे किलोमीटर जाऊन तेच चिकलठाणा गाठावे लागते. बीडजवळ विमानतळ व्हावा ही मागणी आता जोरात आहे, आणि ती योग्य आहे. पण जागा पाहायला निघालेल्यांनी आधी बालाघाटाकडे पाहावे. मांजरसुंबा, पाटोदा या बाजूच्या डोंगरमाथ्यांवर शंभर मीटरहून उंच पवनचक्क्या उभ्या आहेत, नव्या उभ्या राहत आहेत. परळीच्या औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या जिल्हाभर गेल्या आहेत. १९९३ च्या त्या विमानाचा शेवट एकट्या ट्रकने केला नाही, तारांनीही केला, हे या वाहिन्या पाहताना विसरता येत नाही. हिवाळ्यात गोदाकाठी आणि सिंदफणेच्या खोऱ्यात सकाळी धुके धरते, उसाचे पाचट जाळले की धूर जमिनीलगत पसरतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत रस्त्यांवर उसाचे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर सर्वांत उंच भरलेले असतात. उंच वाहने आणि अंधूक हवा एकाच हंगामात येणारा हा मुलूख आहे.

त्यामुळे धावपट्टीच्या दोन हजार-अडीच हजार मीटरपुरती जमीन संपादित करून काम झाले असे इथे कोणी समजू नये. तिच्या दोन्ही टोकांपुढे पंधरा-पंधरा किलोमीटरची सुपे पडणार आहेत आणि त्यांच्याखाली गावेच्या गावे येणार आहेत. तिथल्या शेतकऱ्याला आपल्या गट नंबरवर किती मीटरपर्यंत घर, विहिरीचा मनोरा, निलगिरी किंवा मोबाइल कंपनीला भाड्याने दिलेला टॉवर चालेल, हे संगणकावरच्या रंगीत नकाशात शोधायला लावणे म्हणजे त्याला न सांगणेच आहे. ती उंची त्याच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, विहिरीच्या आणि वहिवाटीच्या नोंदींशेजारी मीटरमध्ये लिहिली गेली पाहिजे. आणि सुपाखालून एकही रस्ता जात असेल, मग तो राष्ट्रीय महामार्ग असो की गाडीवाट, त्याच्या फाटकाचा खर्च आणि फाटकावरच्या माणसाचा पगार विमानतळाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरला गेला पाहिजे, धावपट्टीच्या डांबराच्या आधी.